नाटकाची पदवी आणि सहकर्जदाराची सही : एक प्रकरण

नाटक शिकण्यासाठी कर्ज काढायला निघालेल्या एका शेतकरी घरातल्या मुलीचं हे प्रकरण. ओळख पटू नये म्हणून गाव, संस्था आणि काही रकमा बदलल्या आहेत. रकमांचं एकमेकींशी असलेलं प्रमाण मात्र तसंच ठेवलं आहे.

पार्श्वभूमी

अमळनेर-पारोळा पट्ट्यातलं एक गाव. पाच एकर शेती, बहुतेक जिरायत, मुख्य पीक कापूस. जमिनीचा सातबारा उतारा वडिलांच्या एकट्याच्या नावावर. राष्ट्रीयीकृत बँकेचं १ लाख ८० हजारांचं पीक कर्ज दरवर्षी मार्चअखेर नवं-जुनं व्हायचं. आठ-दहा दिवसांसाठी नातेवाइकांकडून उसने पैसे घ्यायचे, कर्ज भरायचं आणि एप्रिलमध्ये नवं उचलायचं. आई अंगणवाडी सेविका, मानधन तिच्या स्वतःच्या खात्यात जमा होणारं.

मुलीने २०२१ मध्ये तालुक्याच्या कॉलेजातून मराठी विषय घेऊन बी.ए. केलं. कोरोनाआधी विद्यापीठाच्या युवारंग महोत्सवात तिला अभिनयाचं बक्षीस होतं. राज्य हौशी नाट्य स्पर्धेत जळगाव केंद्रावर दोन नाटकांत तिने भूमिका केल्या होत्या. म्हणजे हौस पारखून झालेली होती. घरात विरोधही नव्हता. वडिलांची अट एकच होती, अहिराणीत एका ओळीची : ‘पोर शिकस ते शिकू द्या, पन उताराले हात नका लावू.’

पुढचं सगळं प्रकरण या एका ओळीभोवती फिरतं.

नेमकी अडचण

जून २०२१ मध्ये बहुतेक नाट्यगृहं बंद होती. तशात एका खासगी विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या नाट्य पदव्युत्तर अभ्यासक्रमाला ऑनलाइन ऑडिशनवर तिची निवड झाली. दहा दिवसांत ५० हजार भरून जागा पक्की करा, असं पत्र आलं. घरच्यांनी सोनं गहाण ठेवून पैसे भरले. हिशेब त्यानंतर मांडला गेला. क्रम इथेच चुकला होता.

वर्षाची फी २ लाख ८० हजार, दोन वर्षांची ५ लाख ६० हजार. वसतिगृह आणि मेस महिना ९ हजार, २४ महिन्यांचे २ लाख १६ हजार. एकूण ७ लाख ७६ हजार. चार लाखांवरच्या कर्जात देशातल्या शिक्षणासाठी ५ टक्के स्वतःचे घालावे लागतात, ते वजा जाता बँक साधारण ७ लाख ३० हजार द्यायला तयार होती. दर ९.५ टक्के.

फी, वसतिगृह आणि व्याजदर यापुढे घरचा हिशेब गेलेला नव्हता. शैक्षणिक कर्जात अभ्यासक्रम चालू असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज थांबत नाही. पैसे दर सहामाहीला १ लाख ८२ हजार ५०० असे चार टप्प्यांत सुटणार होते. पहिल्या टप्प्यावर ३६ महिन्यांचं व्याज, दुसऱ्यावर ३० चं, मग २४, मग १८. सरासरी २७ महिने. सरळव्याजाने १ लाख ५६ हजार. म्हणजे पहिला हप्ता सुरू होण्याच्या दिवशी कर्ज ८ लाख ८६ हजार झालेलं असणार.

१५ वर्षांची मुदत घेतली तर हप्ता ९ हजार २५०. दहा वर्षांत फेडायचं तर ११ हजार ४६५. पंधरा वर्षांत एकूण भरणा साडेसोळा लाखांच्या पुढे.

हे आकडे ऐकून घरात कुणी फारसं हललं नाही. ‘महिन्याला नऊ हजार’ शहरातल्या पगारासमोर छोटे वाटतात. तेव्हा तोच हप्ता कापसात मोजला. वर्षाचे हप्ते १ लाख ११ हजार. २०२१-२२ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ६ हजार २५ रुपये क्विंटल. म्हणजे वर्षाला साडेअठरा क्विंटलच्या आसपास कापूस, वेचणी-फवारणीचा खर्च न धरता. जिरायतात एकरी चार-पाच क्विंटल धरले तर पाचपैकी चार एकर फक्त हप्त्यासाठी, पंधरा वर्षं. वडिलांनी कागद बाजूला ठेवला.

(त्या हंगामात पुढे भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. मुलीचा निर्णय सहा महिन्यांनी घ्यायचा असता, तर त्या भावाच्या जोरावर सही झाली असती. पुढच्या वर्षी भाव उतरला आणि खान्देशात घराघरांत कापूस पडून राहिला.)

कमाईचा अंदाज कसा काढला

संस्थेच्या माहितीपत्रकात माजी विद्यार्थ्यांची ‘सरासरी वार्षिक कमाई तीन लाखांवर’ असं होतं. आकडा खोटा नव्हता, पण कामाचाही नव्हता. त्याच संस्थेच्या एका तुकडीतल्या सात जणांना फोन केले आणि चार प्रश्न विचारले : पदवीनंतरच्या पहिल्या पूर्ण वर्षात नाटकाशी संबंधित कामातून हातात किती आले, ते किती ठिकाणांहून आले, काम केल्यावर पैसे किती दिवसांनी मिळाले, त्या वर्षी घरून किती घ्यावे लागले. कोरोनाआधीचं वर्ष विचारलं, कारण नंतरचं वर्ष कुणाचंच धरण्यासारखं नव्हतं.

उत्तरं अशी आली : ६० हजार, ९० हजार, १ लाख १० हजार, १ लाख ४० हजार, १ लाख ८० हजार, २ लाख ४० हजार आणि १४ लाख. शेवटच्याला दैनंदिन मालिकेत मोठी भूमिका मिळाली होती. सरासरी काढली तर ३ लाख १७ हजार येते, पण ती त्या एकाने उचललेली आहे. सात जणांना ओळीत उभं केलं तर मधला माणूस १ लाख ४० हजारांवर, महिन्याला साडेअकरा हजार. त्यातून सव्वानऊ हजारांचा हप्ता गेला तर उरतं काय? सात माणसं म्हणजे पाहणी नव्हे, हे मान्य. पण माहितीपत्रकापेक्षा सात फोन बरे.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं जास्त बोलकी होती. नाटकाची नाइट, म्हणजे प्रयोगामागचं मानधन, प्रयोगानंतर लगेच किंवा आठवड्यात मिळते, पण प्रयोग किती लागतील ते कुणाच्याच हातात नसतं. मालिकेचे पैसे दिवसावर ठरतात आणि बहुतेकांना ९० दिवसांनी मिळाले. काम आणून देणाऱ्या को-ऑर्डिनेटरचा हिस्सा त्यातून आधीच कापलेला. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला.

पुढ्यात असलेले पर्याय

खासगी विद्यापीठाचा वर आलाच. त्याच्या बाजूने बोलण्यासारखंही होतं : प्रकाशयोजना आणि ध्वनीची चांगली साधनं, बाहेरून येणारे नामवंत दिग्दर्शक, मुंबईशी थेट संबंध.

दुसरा पर्याय शासकीय विद्यापीठाचा. मुंबई विद्यापीठाची नाट्यकला अकादमी, पुण्याचं ललित कला केंद्र, मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग. फी हजारांत, खरा खर्च राहण्या-जेवणाचा. जागा थोड्या, लेखी परीक्षा, ऑडिशन आणि मुलाखत. ५५ टक्क्यांनी एम.ए. झालं की प्रयोगजीवी कलांच्या (नृत्य-नाटक) विषयात नेट परीक्षा देता येते, म्हणजे प्राध्यापकीचं दार निदान किलकिलं राहतं.

तिसरा, दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय. तिथे विद्यार्थ्यांना विद्यावेतन असल्याने कर्जाचा प्रश्नच जवळपास मिटतो. पण देशभरातून मूठभर जागा. अर्ज करायचा, पण त्यावर घराचं नियोजन बेतायचं नाही, असं ठरलं. ठरावीक संख्येच्या नाटकांत काम केल्याचे पुरावे लागतात. स्पर्धेची प्रमाणपत्रं होती, पण हौशी नाटकांच्या जाहिराती आणि पत्रिका कुणी जपल्या नव्हत्या. अर्ज तिथेच कच्चा राहिला.

चौथा, बी.एड. करून शाळेत लागणं. नाटक हा बी.एड.चा अध्यापन-विषय नाही, तिला मराठीवर बी.एड. करावं लागलं असतं आणि मग अनुदानित शाळेतल्या भरतीची वाट. मामांचा आग्रह हाच होता. मुलीने नको म्हटलं आणि त्यावर फार वेळ गेला नाही.

सगळ्यात महत्त्वाचा निर्णय : सही कुणाची

कर्जाच्या चर्चेत व्याजदरावर तास-तास जातात, सहकर्जदाराच्या, म्हणजे सोबत सही करून फेडीची तितकीच जबाबदारी घेणाऱ्याच्या, रकान्यात मात्र ‘वडील’ लिहून लोक मोकळे होतात. शेतकरी घरात तिथेच खरा धोका असतो.

आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि तिसऱ्या व्यक्तीचा जामीनही लागत नाही, पण पालक सहकर्जदार लागतात. साडेसात लाखांपर्यंत पतहमीचं (कर्ज बुडालं तर भरपाईच्या हमीचं) संरक्षण बँकेला सरकारकडून मिळतं, त्यामुळे तिथेही जमीन गहाण मागायचं कारण नाही. तरी शाखेत पहिल्याच भेटीत उतारा मागितला गेला. शैक्षणिक कर्जाच्या सरकारी विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज करून, तारण का हवं ते लेखी मागितल्यावर ही मागणी मागे घेतली गेली. तोंडी नकाराला उत्तर देता येत नाही. अर्ज पोर्टलवर असेल तर नकाराचं कारण नोंदवावं लागतं.

उतारा वाचला, पण धोका टळला नव्हता. वडील सहकर्जदार झाले की मुलीचा प्रत्येक चुकलेला हप्ता त्यांच्या सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, चढतो. ९० दिवस थकबाकी राहिली की खातं अनुत्पादक, म्हणजे थकीत कर्जाचं, ठरतं. आणि मार्चअखेर पीक कर्ज नवं-जुनं करायला गेल्यावर बँक त्याच नावावरची थकबाकी पाहते. म्हणजे मुंबईत मालिकेचे पैसे ९० दिवस अडकले तर पारोळ्याच्या बाजूला बियाण्याला पैसे उरत नाहीत. उताऱ्यावर बोजा न चढवताही उताऱ्याला हात लागतोच.

म्हणून आईचं नाव पुढे आलं. तिच्या नावावर कोणतंही कर्ज नव्हतं, मानधन दर महिन्याला खात्यात दिसत होतं. सात लाख तीस हजारांना शाखा तेवढ्यावर तयार नव्हती. चार लाखांच्या आतल्या रकमेला होती. सहकर्जदार बदलला आणि पर्याय आपोआप छोटा झाला.

आयकराच्या कलम ८०ई ची सवलतही मांडली गेली होती. त्यात जुन्या करप्रणालीत व्याजावर आठ वर्षं वजावट मिळते. पण वडिलांचं शेतीचं उत्पन्न करमुक्त, आईचं मानधन आणि मुलीची पहिली काही वर्षं करपात्र मर्यादेखाली. कर नाही तर सूट कशातून? एजंट लोक ही सवलत सर्वांना सांगतात, म्हणून इथे लिहिलं.

काय केलं

ऑगस्ट २०२१ मध्ये खासगी प्रवेश रद्द केला. संस्थेने ५० हजार ‘परत न मिळणारे’ म्हणून सांगितलं. त्या वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने (युजीसी) ३१ ऑक्टोबरपर्यंत रद्द केलेल्या प्रवेशांची पूर्ण फी परत करायला बजावलं होतं. त्याचा हवाला देऊन ईमेल, मग पोचपावतीचं टपाल, मग युजीसीच्या तक्रार पोर्टलवर नोंद. अकरा आठवड्यांनी पैसे आले. सोन्यावरचं व्याज मात्र गेलं ते गेलंच.

पुण्यातल्या शासकीय विद्यापीठाच्या एम.ए.ला ती लेखी आणि ऑडिशनमधून लागली. सत्र उशिरा, नोव्हेंबरमध्ये सुरू झालं आणि पहिले काही महिने ऑनलाइन, त्यामुळे तेवढी मेस आणि भाडं वाचलं. खर्च असा झाला : फी ५० हजार, २० महिने राहणं-जेवण साडेनऊ हजारांनी १ लाख ९० हजार, प्रवास-पुस्तकं-मोबाइल मिळून ४० हजार. एकूण २ लाख ८० हजार. त्यातले ४० हजार आईच्या भिशीतून, २ लाख ४० हजार कर्ज, ६० हजारांच्या चार टप्प्यांत. विद्यार्थिनी म्हणून अर्धा टक्का कमी, सुरुवातीचा दर ९ टक्के.

शिकत असतानाच व्याज भरायचं, असं ठरलं. पहिल्या टप्प्यावर ते महिन्याला ४५० रुपये होतं. बऱ्याच बँका असं नियमित व्याज भरणाऱ्याला एक टक्का सूट देतात. पण मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ४ वरून साडेसहावर नेला. कर्जाचा दर बदलता, तो चढत साडेदहावर गेला आणि चारही टप्पे सुटल्यावर महिन्याचं व्याज २ हजार १०० झालं. दुसऱ्या वर्षी ते नियमित भरलं गेलं नाही, सूट गेली. हप्ता सुरू होईपर्यंत २२ हजार व्याज मुद्दलात मिळून कर्ज २ लाख ६२ हजारांवर आलं. सात वर्षांच्या मुदतीने हप्ता ४ हजार ४२०.

पुढे काय झालं

२०२३ च्या उत्तरार्धात एम.ए. झाल्यावर ती मुंबईला गेली. जातानाच मुदत ठरवलेली होती : नऊ महिने, मग वही उघडायची. कर्जाच्या हप्ता नसलेल्या सवलतीच्या वर्षातले तीन महिने हातात ठेवूनच ही मुदत घातली होती.

नऊ महिन्यांची वही : प्रायोगिक नाटकाच्या ११ नाइट, एक हजाराने ११ हजार. मालिकेत नऊ दिवस, अडीच हजाराने साडेबावीस हजार, त्यातून को-ऑर्डिनेटरचे २० टक्के जाऊन १८ हजार. मुलांच्या शिबिरांचे १८ हजार. एकूण ४७ हजार. खर्च महिना १४ हजाराने १ लाख २६ हजार. तुटीचे ७९ हजार आई आणि मावशीकडून.

ती परत आली. जळगावात खोली घेतली. जून २०२४ पासून दोन सीबीएसई शाळांत आठवड्यातले तीन-तीन दिवस नाट्यशिक्षिका म्हणून ११ आणि ९ हजारांवर लागली. गंमत अशी की दोन्ही मुख्याध्यापकांना तिच्या एम.ए.पेक्षा मालिकेतले नऊ दिवस जास्त लक्षात होते. मुंबईचे महिने वाया गेले असं म्हणणाऱ्या मामांना याचं उत्तर देता आलं नाही.

जून ते मे या वर्षाची कमाई अशी :

शाळांचे दहा महिने मिळून २ लाख. स्नेहसंमेलनांच्या हंगामात, डिसेंबर-जानेवारीत, सहा शाळांचे कार्यक्रम बसवले, प्रत्येकी १२ हजार. त्यातून गाण्यांचे ट्रॅक कापणं, सहायक आणि प्रवास यांचे २० हजार जाऊन ५२ हजार. कपड्यांचं भाडं पालकांकडून वेगळं घ्यायचं हे पहिल्याच शाळेत ठरवलं नसतं तर यातला निम्मा पैसा ड्रेपरीवाल्याकडे गेला असता. मेमध्ये उन्हाळी शिबिर, ३५ मुलं, प्रत्येकी दीड हजार, खर्च जाऊन साडेएकतीस हजार. अहिराणी व्हिडिओंत आठ दिवस काम, १२ हजार. एकूण २ लाख ९५ हजार ५००, महिन्याला सरासरी २४ हजार ६००.

४ हजार ४२० चा हप्ता या कमाईच्या १८ टक्के. खासगी पर्यायाचा ९ हजार २५० चा हप्ता ३८ टक्के झाला असता. बुडालाच असता असं नव्हे, ओढून-ताणून निघाला असता. मुंबईचे नऊ महिने मात्र तेव्हा परवडले नसते, आणि त्यांच्याशिवाय शाळा मिळाल्या असत्या का, हे सांगता येत नाही.

सरासरी महिन्याला साडेचोवीस हजार असली तरी एप्रिलमध्ये शाळेचा पगार नव्हता. एका शाळेने फेब्रुवारी-मार्चचे पैसेही ‘ऑडिट झाल्यावर’ म्हणून अडवले. पाच एप्रिलला खात्यात पैसे नव्हते. हप्ता परतला, बँकेचा दंड वेगळा लागला. दोन आठवड्यांत आईच्या मानधनातून हप्ता भरला गेला. थकबाकी ९० दिवसांच्या जवळपासही गेली नाही. वडिलांचं पीक कर्ज त्याच महिन्यात नवं-जुनं झालं. त्यांना हप्ता परतल्याचं कळलं ते नंतर.

वेगळं काय करता आलं असतं

सात फोन ५० हजार भरण्याआधी करायला हवे होते. त्यांना दोन दिवस लागले होते, मुदत दहा दिवसांची होती.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी विशेष विषय निवडताना तिने अभिनयच घेतला. प्रकाशयोजना घेतली असती तर मुंबईत अभिनयाच्या ऑडिशन चालू ठेवून बॅकस्टेजच्या नाइट मिळाल्या असत्या. एका नटाचं एक नाटक चालतं, लाइट सांभाळणारा माणूस आठवड्यात तीन नाटकं करतो. जळगावात स्नेहसंमेलनांना लाइटवाला बाहेरून आणावा लागतो, तेही पैसे तिच्याकडेच राहिले असते. यावर सल्ला देणाऱ्यांत एकमत नाही. काहींचं म्हणणं, बॅकस्टेजला गेलेला नट पुन्हा पुढे येत नाही.

शाळांशी करार तोंडी होता. पगाराची तारीख, सुट्टीच्या महिन्यांचं काय, स्नेहसंमेलनाचं काम करारात की वेगळं, हे तिन्ही एका कागदावर हवं होतं. दुसऱ्या वर्षी तिने तसं करून घेतलं. एका शाळेने सही केली. दुसरीने केली नाही, ती शाळा तिने सोडली आणि चोपड्याची एक धरली.

तीन हप्त्यांची रक्कम, १३ हजार २६०, वेगळ्या खात्यात जानेवारीतच टाकायला हवी होती. स्नेहसंमेलनांचे पैसे तेव्हाच हातात येतात. कापूस विकल्यावर पुढच्या बियाण्याचे पैसे बाजूला काढायचे, हे त्या घराला नवीन नव्हतं. पण नाटकाच्या पैशालाही हंगाम असतो, हे पहिल्या वर्षी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आज हेच प्रकरण आलं तर

दोन गोष्टी बदलल्या आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत यादीतल्या संस्थांना प्रवेश मिळाल्यास तारण आणि जामिनाशिवाय कर्ज मिळतं. आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात व्याजात ३ टक्के मदत मिळते. यादीत सुरुवातीला ८६० संस्था होत्या आणि ती दरवर्षी बदलते. म्हणून संस्थेच्या माहितीपत्रकावरचा शिक्का न पाहता पोर्टलवरची त्या वर्षाची यादी पाहावी.

दुसरं, राज्याची मुलींना मोफत शिक्षणाची २०२४ ची सवलत. ती व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या, ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींसाठी आहे. नाट्यशास्त्राच्या एम.ए.ला ती लागू धरून हिशेब मांडलेली घरं दिसतात. विभागाच्या कार्यालयातून लेखी उत्तर येईपर्यंत त्या रकान्यात पूर्ण फीच लिहावी.

मुलीचे अजून पाच वर्षांहून जास्त हप्ते बाकी आहेत. नेटचा अर्ज तिने भरला आहे. सहकर्जदाराच्या रकान्यात आईचंच नाव आहे. आई अंगणवाडीतून निवृत्त होण्याआधी कर्ज संपतं का, एवढं एक गणित सुरुवातीला केलं नव्हतं. नंतर केलं तेव्हा आठ महिने शिल्लक निघाले.